तळाचा शेरा

आमच्या परीक्षण विभागात दहा माणसं, आणि वरून आलेला नियम असा की कामगिरीवरचा वाढीव पगार वाटायचा तर दहांतला एक जण तळाला हवाच. दहाही जणांनी जीव तोडून काम केलं तरी एकाला ‘साधारण’ शेरा. आमच्या सरकारी कंपनीत हा नियम आला तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली आणि मग आपल्या पद्धतीने त्याला माणसाळवून टाकलं. निवृत्त होणाऱ्याला शाल-श्रीफळाबरोबर ‘उत्कृष्ट’, आणि त्या वर्षी जो सर्वांत जास्त रजेवर त्याला ‘साधारण’. कँटीनमध्ये कॉफी पिता पिता हे ठरायचं. भांडण नाही, तंटा नाही. काम कोणी किती केलं, हा विषय मात्र कोणी काढायचा नाही.

मुलाच्या वेळची बाळंतपणाची रजा संपवून मी परत आले तेव्हा तो शेरा मलाच मिळाला होता. पेढा दिल्यासारखा हसत हसत दिला होता. मी तो घेतलाही, पण राग अजून गेलेला नाही.

यंदा मी विभागप्रमुख झाले आणि शेरे देण्याचं काम माझ्याकडे आलं.

निवृत्तीला आले होते आमचे अण्णा. मूळचे निपाणीकडचे, आता इथे शहरात बनशंकरीला घर, बोलण्यात अधूनमधून कानडी. मी नवी होते तेव्हा यंत्रावरचं सगळं काम त्यांनीच शिकवलं. कोणाच्या मुलाचा शाळाप्रवेश असो की वास्तुशांत, अण्णा सर्वांच्या आधी हजर. कामावर मात्र त्यांचं मन उरलं नव्हतं. त्यांचे अहवाल रखडायचे आणि शेवटी दुसरंच कोणीतरी ते पुरे करायचं. बहुतेक वेळा पुरे करायची ती आमच्यातली पुण्याची मुलगी, जी यंदा अर्धं वर्ष बाळंतपणाच्या रजेवर होती. उरलेल्या अर्ध्या वर्षात तिने यंत्राच्या एका भागाला वारंवार तडा का जातो ते शोधून काढलं होतं. आम्ही सगळे त्यावर कधीपासून डोकं आपटत होतो.

‘साधारण’ लागला की त्या वर्षीची पदोन्नतीची मुलाखत हुकते. हे तिलाही माहीत होतं. तरी तीच माझ्याकडे आली.

“मॅडम, लोअर ग्रेड मलाच द्या ना. इट्स ओके. अण्णांचं शेवटचं वर्ष आहे, उगाच इश्यू नको.”

बाळाला पाळणाघरात ठेवून, सर्जापूर रोडच्या ट्रॅफिकमधून धडपडत आलेली ही मुलगी माझीच समजूत घालत होती. माझं डोकंच फिरलं. “तुझा हा मोठेपणा घरी ठेव,” मी म्हटलं, “इथे मी काम बघणार आहे.”

काम बघितलं तर तळाला अण्णा येत होते. मी पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं, दुसरं कोणीतरी निघावं अशी आशा होती. निघालं नाही. दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं म्हणून मी त्यांना कॉफीला घेऊन गेले. एका दमात सांगून टाकलं.

अण्णांनी पेला खाली ठेवला. “अगं, स्वल्प विचार कर,” ते म्हणाले. “पैसे जाऊ देत. पण लोक काय म्हणतील? जाता जाता तळाला बसवला म्हणतील.”

“विचार करूनच आले, अण्णा. नाहीतर तिची मुलाखत जाईल.”

“तिला पुढं पुष्कळ वर्षं आहेत.”

“मलाही तेव्हा हेच ऐकवलं होतं. तुम्हीच ऐकवलं होतं.”

“सरी,” कानडीत ‘बरं’ एवढंच म्हणून ते उठले. कॉफी तशीच राहिली.

माझ्या वरच्या साहेबांनी माझे शेरे वाचले आणि चष्मा काढून विचारलं, “निवृत्त होणाऱ्या माणसाला हे द्यायला मन कसं झालं तुमचं?” मन झालं नाही, तरी केलंय, असं मी सांगितलं. काही बदलायचं आहे का, त्यांनी विचारलं. नाही म्हटलं आणि सही केली.

तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. ती नाचत येईल असं मला वाटलं होतं. आली ती डोळे पुसत.

“मॅडम, अण्णा माझ्याशी बोलत नाहीत.”

“माझ्याशीही बोलत नाहीत,” मी म्हटलं. “बस. तयारी कुठपर्यंत आली ते सांग.”