अकरा रसायनांचा तक्ता

माझं लग्न मामाच्या मुलीशी झालं. आमच्याकडे कोकणात त्यात वावगं काही नव्हतं. घरातलीच सून आली म्हणून सगळे खूशच होते. पुढे आमच्या मुलीच्या जनुक-तपासणीचा अहवाल आला, तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला, "लग्न नात्यातलं का?" आम्हा दोघांकडे त्या जनुकाची एकेक बिघडलेली प्रत होती. मुलीच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्याच आल्या. तिच्या डोळ्यांचा पडदा कडेकडून आत झिजतो आहे. ती एकोणीस वर्षांची आहे.

यावर उपचार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दिसतंय तोवर पांढऱ्या काठीने चालायला शिकवा, म्हणाले. दादरला तसा वर्ग चालतो. मुलगी लगेच तयार झाली. मी म्हटलं, "जरा थांब."

कारण मला इंटरनेटवर एक तक्ता सापडला होता. वर तिच्याच जनुकाचं नाव आणि खाली त्याला रोखणारी अकरा रसायनं. प्रत्येकापुढे ते किती कमी मात्रेत काम करतं त्याचा आकडा. मोजमाप हेच माझं आयुष्यभराचं काम, त्यामुळे आकड्यांची भीती नव्हती. अकराही रसायनं वहीत उतरवली, सर्वांत लहान आकडा वर. खाली 'फक्त संशोधनासाठी' असं लिहिलं होतं. आज संशोधन म्हणजे उद्या औषध, असं मी धरून चाललो. बनवणाऱ्यांना पत्रं लिहिली. उत्तरं आली नाहीत. यात आठ महिने गेले. तेवढ्या काळात मुलगी करी रोडच्या आमच्या इमारतीच्या जिन्यात दोनदा पडली.

शेवटी परळच्या एका प्रयोगशाळेतल्या बाईंनी भेटायची वेळ दिली. त्यांनी माझी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली.

"काम व्यवस्थित केलंय तुम्ही," त्या म्हणाल्या. "पण ही रसायनं आजार रोखत नाहीत. त्या जनुकापासून बनणारं प्रथिन बंद पाडतात. ते बंद पडलं की पेशीचं काय होतं, हे आम्हाला बघायचं असतं."

"म्हणजे?"

"निरोगी पेशींत हे घातलं, की त्या तुमच्या मुलीच्या पेशींसारख्या वागायला लागतात."

"आणि हे सर्वांत वरचं?"

"त्याचा थेंबसुद्धा पुरतो."

घरी दोघी वाट बघत होत्या. जसं होतं तसं सांगितलं. बायको लहानपणापासून मला अरेतुरेच करते. "आठ म्हयने काय वाचीत होतस रे?" एवढं बोलून ती गॅसकडे वळली. मुलगी हसली. "बाबा, म्हणजे मी त्यांच्यासाठी रेडिमेड आहे. त्यांच्या रसायनाचा खर्च वाचला." मी हसलो नाही, तेव्हा तिचंही हसू गेलं. म्हणाली, "आता भरू या ना वर्गाचा फॉर्म?"

दुसऱ्या दिवशी दादरला गेलो. बॅच भरलेली होती. पुढची दिवाळीनंतर.

"किती दिसतं मुलीला?" तिथल्या बाईंनी विचारलं.

"मधलंच. नजरेचा घेर एकवीस अंश. आठ महिन्यांपूर्वी सव्वीस होते."

"मग तेव्हाच आणायचं ना. दिसत असताना शिकलं की पाय लवकर सरावतात."

मी फॉर्म भरून दिला. दिवाळीनंतर किती अंश उरतील याचा हिशेब बसस्टॉपपर्यंत पोचेस्तोवर झाला होता. घरी मी फक्त बॅचची तारीख सांगितली.