पाया उघडा असताना आलेला मिस्त्री

तर कुठवर आलो होतो आपण? हां, चिमाजी अण्णांनी हात वर करा म्हटलं आणि आम्ही अकराच्या अकरा संचालकांनी हात वर केले, इथवर. काल जे नव्हते त्यांच्यासाठी जरा मागं जातो.

साल शहाण्णव. ओझरच्या पलीकडं आमचं गाव, सगळं द्राक्षाचं. माल परदेशी पाठवायचा म्हणून बागायतदारांनी सोसायटी काढली आणि तोडलेली द्राक्षं गार करून ठेवायला मोठी खोली बांधायला घेतली. भाद्रपदात पाया खोदायचं काम चालू होतं. गार करणारं मशीन माघात येणार होतं. ते सांभाळायला जाणता मिस्त्री कधी नेमायचा, एवढाच ठराव. चेअरमन चिमाजी अण्णा म्हणाले, गुढीपाडव्याला. आमच्याकडं सालगडी पाडव्याला ठरतो, आणि नोकर म्हटलं की पाडवा, हे हाडात मुरलेलं. म्हणून सगळ्यांचे हात वर.

दारात सिंधुबाई उभी होती. घड विरळणाऱ्या, निवडून पेट्या भरणाऱ्या चाळीस बायांची ती मुकादम. पॅकिंगची टेबलं कुठं मांडायची ते विचारायला आली होती. शाळा तिसरीपर्यंत, म्हणजे माझ्यापेक्षाही चार इयत्ता कमी. ती म्हणाली, "अण्णा, पाडव्याला निम्मा माल तुटून गेलेला असतो. मंग मिस्त्री गार काय करणार, काड्या?"

जन्म द्राक्षात गेलेली अकरा माणसं, आणि एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. मी वर केलेला हात तसाच डोकं खाजवायला नेला.

अण्णांनी सावरून घेतलं. बरं, मशीन येईल त्या दिवशी नेमू. सिंधुबाई म्हणाली, तोही उशीरच. आत्ता आणा, पाया उघडा आहे तोवर. ती स्वतः दरवर्षी छाटणीच्या आधीच पेठ तालुक्याच्या बाजूला जाऊन हातात कसब असलेल्या बायांना शब्द देऊन येई. छाटणी झाली की सगळेच बाया शोधायला निघतात, तेव्हा उरलेल्या मिळतात, असं तिचं म्हणणं. मिस्त्रीही तिनं हेरून ठेवला होता. नाशकात द्वारकेजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात वीस वर्षं काढलेला लहानू मिस्त्री. तो कारखाना दसऱ्याला बंद व्हायचा होता आणि त्याला आपल्याकडं न्यायला सिन्नरची माणसं एकदा भेटूनही गेली होती.

अण्णा म्हणाले, मशीन येईपर्यंत हा पाच महिने नुसता बसून राहणार.

"रिकामा बसला तर माझी मुकादमी काढून घ्या," सिंधुबाई म्हणाली.

हे बोलणं सोपं नव्हतं, बरं का. तिचा नवरा कंबर धरून घरी पडलेला. मुकादमी गेली असती तर चाळिशी उलटलेल्या त्या बाईला पुन्हा कात्री घेऊन दिवसभर द्राक्षाच्या मांडवाखाली मान वर करून उभं राहावं लागलं असतं. आम्ही ठराव फिरवला. खरं सांगतो, निम्म्यांनी तिची फजिती बघायला मिळेल म्हणून फिरवला.

लहानू मिस्त्री आला आणि चक्क बसला. लिंबाखाली खुर्ची, तोंडात सुपारी. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. येणारा-जाणारा सिंधुबाईला विचारी, काय बाई, जावयाचा पाहुणचार कुठवर आला? ती हसून पुढं जाई, पण मी पाहिलं, लिंबाकडं मान वळवत नसे. अण्णांनी तर मुकादमीसाठी दुसरी बाई शोधायला सुरुवातही केली.

नवव्या दिवशी लहानूनं मशीनचे कागद मागितले. कागदावरची मापं सुतळीवर घेतली, सुतळीला गाठी मारल्या आणि चौथऱ्यावर जिथं दार धरलं होतं तिथं ती आडवी लावली. गाठ दाराच्या बाहेर वीतभर गेली. तो गवंड्याला म्हणाला, दार साडेतीन फुटी आणि मशीन सव्वाचार फुटी. ते काय वाकून आत येणार हे का?

अण्णांनी स्वतः टेप लावला. मग दुसऱ्यांदा लावला. आठ दिवस तो माणूस बसला नव्हता हो, बघत होता! दुपारचं ऊन कुठून येतं, वारा कुठून फिरतो. मशीन मावळतीच्या भिंतीला धरलं होतं, ते त्यानं उगवतीला नेलं. पूर्वेची भिंत मशीन आत जाईपर्यंत उघडीच ठेवायला लावली. माघात मशीन आलं ते नवरदेवासारखं सरळ आत गेलं, आणि चौथ्या दिवशी पहिला माल आत. शेजारच्या एका गावानं मिस्त्री मशीनबरोबरच आणला. त्यांनी ऐन तोडणीत भिंत फोडली, आणि पेट्या झाडाखाली. आमच्या अण्णांनी त्यानंतर मुकादमीचा विषय काढला नाही, आणि मी अजून त्या बाईच्या डोक्याचा विचार करत बसतो. कुणी शिकवलं असेल हे?

आता दोन हजार पाचचं ऐका. सिंधुबाई अजून खणखणीत होती. पण त्या भाद्रपदात तिनं गावातली हर्षाली नावाची एक चटपटीत सून बरोबर आणली आणि म्हणाली, हिला दोन हंगाम माझ्याशेजारी उभी करा, पुढची मुकादम हीच. आपली जागा, जिच्या धास्तीनं आठ दिवस लिंबाकडं मान वळवली नव्हती, ती आपण होऊन दुसरीला द्यायला निघालेली.

अण्णा आता थकले होते, पण सवय जाते थोडीच? ते म्हणाले, सिंधुबाई, तू धडधाकट असताना दुसरी कशाला? ही तर नुसती उभी राहणार.

तेव्हा ती जे बोलली ते जसंच्या तसं सांगतो: "अण्णा, लहानूदादाबी नुसताच बसला व्हता. उभी राहू द्या तिला. मी हाय तवर चुकली तर मी सांगंन, मी गेल्यावर चुकली तर तुमी सांगणार हाय का?"