काळं तेल, गोडं तेल

आमच्या सासरी तेलाला देवाच्या खालोखाल मान. सोलापुरात सासऱ्यांचा तेलघाणा होता. शेंगदाण्याचं आणि करडईचं तेल काढत आलेलं ते घर, आणि तेलाइतकंच मुरलेलं. सासरे चिमटीत तेल घ्यायचे, अंगठ्यानं चोळायचे, वास घ्यायचे आणि त्यात कुणी काय मिसळलंय ते सांगून मोकळे व्हायचे. सगळ्या जगात भेसळ आहे, शुद्ध काय ते आपल्याच घाण्यात, अशी त्यांची श्रद्धा होती. तेलाचा थेंब सांडला तर ते बोटानं टिपून डोक्याला लावायचे. डोक्यावर केस फारसे नव्हते, पण टक्कल कसं चकचकीत!

माझे वडील, आमचे आण्णा, हेही तेलातलेच. फक्त त्यांचं तेल काळं. करमाळ्याला एस.टी.च्या डेपोत ते मेकॅनिक होते. लहानपणी मी त्यांचा जेवणाचा डबा घेऊन जायची आणि बसखालच्या खड्ड्याच्या कडेला पाय सोडून बसायची. वडील खालून बोलत राहायचे, मी वरून ऐकत राहायची. इंजिनाचं तेल उतरवायच्या आधी इंजिन का चालवायचं, जुनं तेल का टाकून द्यायचं, हे मला भाकरी करायच्या आधी कळत होतं. अर्थात लग्नाच्या बाजारात त्या शिक्षणाला कोण विचारतो!

माझ्या लग्नात, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, पंगत बसली तेव्हा सासरकडचे एक लांबचे काका माझ्या वडिलांच्या काळं तेल मुरलेल्या हातांकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "मुलीपेक्षा मुलीच्या बापाची मेंदी लई रंगली की!" पंगत हसली. सासरे हसले नाहीत, पण कुणाला दटावलंही नाही. वडिलांनी हात उपरण्याखाली घेतले, चमचा मागवला आणि नुसता भात खाल्ला. पुरणपोळी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. लेकीच्या लग्नातली पोळी त्यांनी तोडलीच नाही, कारण पोळी तोडायला दोन्ही हात बाहेर काढावे लागतात.

मी नवरीच्या वेशात होते, नाहीतर त्या काकांना तिथंच ऐकवलं असतं. पुढं वडील सोलापूरला आले तरी उंबऱ्यावरूनच परत फिरायचे. जेवायचा आग्रह केला की "जेवून निघालोय" म्हणायचे. करमाळ्याहून पहाटे निघालेला माणूस कुठं जेवून येणार? मला ते खोटं कळायचं. त्यांनी माझ्या सासऱ्यांच्या शेजारी बसून हातानं जेवावं, एवढंच मला हवं होतं. तसं बोलून कुणाला दाखवणार? सून होते मी.

अशात सासऱ्यांनी एक जुनी अँबॅसिडर घेतली. घरात आनंदीआनंद. सासूबाईंनी गाडीला ओवाळलं, बॉनेटवर विभूतीचे पट्टे ओढले, आणि ठरलं की गाडीचा पहिला लांबचा प्रवास करमाळ्याच्या कमलाभवानीला. मंगळवारी दर्शन आणि दुपारचं जेवण माझ्या माहेरी. सगळे खूश. माझ्या मात्र डोळ्यांपुढं दोन पाट शेजारी शेजारी आले आणि त्यातल्या एकापुढं चमचा दिसायला लागला.

गाडी विकणाऱ्यानं सांगितलं होतं की लांब न्यायच्या आधी इंजिनाचं तेल बदलून घ्या. माझे यजमान म्हणाले, "मिस्त्रीकडं टाकतो." सासरे भडकलेच.

"आपण पिढीजात तेलवाले, आणि आपलं तेल दुसरा कुणी बदलणार? त्यानं आत काय ओतलं, कुणी बघितलंय? घरी बदलायचं."

दिवस ठरला सोमवार, कारण सोमवारी घाणा बंद. आम्ही लिंगायत. सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हा आमचा जुना नेम. घाण्याचा बैल जाऊन विजेची मोटार आली होती, तरी सोमवारी मोटारीलाही सुट्टी. तोच नेम सासऱ्यांनी गाडीलाही लावला होता. सोमवारी गाडी सुरू करायची नाही म्हणजे नाही.

सकाळीच यजमानांनी दोघाचौघांना हाताशी धरून गाडी ढकलत घाण्याच्या आवारात आणली. बैलगाड्यांतून पोती उतरवायला तिथं एक उंचवटा होता, त्यावर पुढची चाकं चढवली, मागं दगड लावले. तेलाचा एक रिकामा डबा आडवा कापून त्याची पसरट परात केली होती. यजमान खाली जायला निघाले तर सासऱ्यांनी त्यांना हातानं मागं सारलं. धोतर कमरेला खोचलं, बारदान अंथरलं आणि स्वतःच गाडीखाली शिरले. मात्र दोन्ही हातांना त्यांनी जुनी फडकी गुंडाळली होती. काळ्या तेलाची त्यांना किळस होती. ते तेल त्यांच्या मते तेलाच्या जातीतलंच नव्हतं.

मी ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. म्हणजे हात शेंगांत आणि जीव गाडीखाली. "इंजिन जरा चालवून घ्या, तेल पातळ होतं," हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सोमवारी जुंपायचं नाही म्हटल्यावर मी कोण सांगणार? एक शेंग तोंडात टाकली.

तळाचा बोल्ट काही केल्या हलेना. सासरे त्याला कानडीतून शिव्या घालत होते. मला कानडी देवघरापुरतीच यायची, त्यामुळं त्या कितपत वाईट होत्या ते सांगता येणार नाही, पण सासूबाई आत निघून गेल्या. शेवटी बोल्ट सुटला. सगळे वाकून बघायला लागले. धार म्हणून काही आलीच नाही. थंडगार तेल काकवीसारखं लोंबकळत, विचार करत करत खाली उतरायला लागलं.

"हे काय करलालाय असं?" सासऱ्यांनी गाडीखालून विचारलं.

"जुनी गाडी आहे ना, दमली असंल," यजमान म्हणाले. एवढा शिकलेला नवरा माझा!

दुपारपर्यंत थेंब थेंब चाललं. आमची जेवणं झाली, सासऱ्यांची झोप झाली, तरी तेलाचं उतरणं संपलं नव्हतं. चहाच्या वेळी एकदाची परात भरली. आता नवीन तेल ओतायचं, गाडी झाकायची आणि उद्याची तयारी करायची, असं मी समजून चालले होते. तर सासऱ्यांनी आवाज दिला, "मांजरपाट आण गं पोरी."

मांजरपाट म्हणजे घाण्याचं तेल गाळायचं जाड कापड. मी विचारलं, "कशाला, मामा?"

"कशाला म्हणजे? गाळायला. रात्रभर निवळू दे, सकाळी परत घालू. तेल कधी खराब होत नसतंय. घाण होत असतंय. निवळलं की झालं."

पंपावरून आणलेला नवीन तेलाचा डबा सील न फोडता ओट्यावर होता. तो त्यांना परत करायचा होता! ते जुनं तेल परत घालून आम्ही सगळे उन्हात करमाळ्याला निघणार होतो. वडिलांच्या डेपोत जळून जाम झालेली इंजिनं मी पाहिलेली होती. आणि समजा गाडी कशीबशी पोचलीच, तर माझ्या वडिलांनी सवयीनं बॉनेट उघडलं असतं, तेल मापायची काडी काढून पाहिली असती आणि व्याह्यांना काही न बोलता मान खाली घातली असती. आधीच हात खाली, वर मानही खाली. ते काही मला सोसलं नसतं.

"मामा, ते परत घालू नका."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. सासऱ्यांपुढं असं तोंड वर करून मी तोवर कधी बोलले नव्हते.

"का घालू नको?"

आता माघार घेण्यात अर्थ नव्हता. "आण्णा म्हणतात, हे तेल निवळत नाही. तुम्ही बोटात घेऊन बघा. तुम्हाला मी काय सांगणार? तेल तुमच्याइतकं कुणाला कळतंय?"

शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं होतं, पण खोटं नव्हतं. सासऱ्यांनी उजव्या हाताचं फडकं सोडलं आणि चिमटी परातीत बुडवली. अंगठ्यानं चोळलं, थांबले, परत चोळलं. नाकाशी नेलं. डोळे मिटले. नवीन डबा फोडायला लावला आणि डाव्या हाताचं फडकं सोडून त्या चिमटीत नवीन तेल घेतलं. तेही चोळलं, हुंगलं, आणि आम्ही नको नको म्हणेपर्यंत जिभेला लावलंसुद्धा. थू करून थुंकले.

"चव काय न्हाय," ते म्हणाले. "पण अंग हाय ह्याला. धरून ठेवतंय." मग उजवा हात पुढं केला. "आणि ह्यात कचकच लागलालीय. जळका वास. ह्यात जीव राहिला न्हाय, पोरी. हे तेल न्हाय आता, राख हाय."

मग मात्र त्यांनी फडकी बाजूलाच टाकली. पुन्हा गाडीखाली शिरून उघड्या हातानं तळ पुसला, बोल्ट पुसला, आवळला. मधेच खालून विचारायचे, "आता काय म्हणतात तुझे आण्णा?" आणि मी ओट्यावरून सांगायची, "फार आवळू नका म्हणतात, आटे जातात." वडील खड्ड्यात आणि मी काठावर, तशीच बसले होते मी. फक्त या वेळी खालचा माणूस ऐकत होता आणि मी बोलत होते. इतकी मजा मला त्या घरात आल्यापासून आली नव्हती. सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

नवीन तेल यजमानांनी वरून ओतलं. जुनं तेल टाकून देणं मात्र सासऱ्यांना जमलंच नाही. ते त्यांनी डब्यात भरून गाडीवानांना चाकांच्या आसांसाठी वाटून टाकलं. तेल वाया गेलं नाही म्हणून सासरेही खूश.

संध्याकाळी हात धुण्याचा कार्यक्रम सुरू झाला. आधी पेंड लावली, कारण गोडं तेल पेंडीनं निघतं. काळं निघालं नाही. मग बेसन, मग सासूबाईंनी शिकेकाईनं घासघास घासलं. कातडी लाल झाली, पण नखांच्या कडा आणि तळहाताच्या रेघा काळ्या त्या काळ्याच. मंगळवारी सकाळी सासरे पूजेला बसले. आमच्यात इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात. मी विभूती ठेवायला गेले, तेव्हा ते लिंग हातावर न घेता आपल्या तळहाताकडं बघत बसलेले दिसले. बराच वेळ बघितलं त्यांनी. मग घेतलं.

गाडी सुरेख चालली. देवीचं दर्शन झालं आणि दुपारी आम्ही माझ्या माहेरी पोचलो. वडील खांद्यावर पंचा घेऊन दारात उभे होते, दोन्ही हात पंच्याच्या टोकांत. आईनं पाट मांडले होते. माझ्या वडिलांच्या ताटाशी तिनं चमचा ठेवलेला मी पाहिला आणि माझी भूकच मेली. पुरणपोळ्यांचा घमघमाट घरभर सुटला होता.

"मला पोळी नको वाढू," वडील आईला म्हणाले. "पोटाला जड हाय. भात दे निसता."

सासऱ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं, चमच्याकडं पाहिलं. मग दोन्ही हातांनी आपल्या ताटातली पोळी तोडली. पिवळ्या पुरणावर त्यांची काळी नखं उठून दिसत होती. वडिलांचा घास तिथंच थांबला.

"हाताला काय झालं ओ, सावकार?"

"तुमच्या लेकीनं काल माझ्याकडनं इंजिनाचं तेल बदलून घेतलं. पेंड लावली, बेसन लावलं, निघतच न्हाय की हो हे."

"रॉकेल लावायचं आधी," वडील चटकन म्हणाले. "मग भुसा आन साबण. तरी समदं न्हायच निघत."

सासऱ्यांनी डावा तळहात वडिलांसमोर उघडला. "सकाळी ह्याच हातावर लिंग घेतलं. आधी वाटलं, घ्यावं का न घ्यावं? मग घेतलं. देवाला चाललं की."



"मी तर रोज आशाच हातावर घेतो," वडील हळूच म्हणाले.

"मग तो चमचा कशाला, व्याही?" सासऱ्यांनी विचारलं. "लग्नातली पोळी राहिलीय तुमची. माझ्या लक्षात हाय."

वडिलांनी खांद्यावरचा पंचा काढून मागं ठेवला. मी पोळी वाढली, वर तुपाची धार सोडली. त्यांनी दोन्ही हातांनी ती तोडली आणि सासऱ्यांच्या मांडीला मांडी लावून जेवले. आई चमचा उचलून आत घेऊन गेली.