फाटलेल्या पानावरची दोन प्रश्नचिन्हं

ट्रंक उघडली, डांबरगोळ्यांचा वास आला आणि स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांतला कलकत्त्यातल्या खिदिरपूरच्या चर्चमधला आमचा अभ्यासवर्ग आठवला. देवाच्या न्यायावरचं एकच पुस्तक आम्ही पाळीपाळीने घरी न्यायचो. पटलं नाही तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करायचं. माझा धाकटा भाऊ नुकताच गेला होता. देव करतो ते योग्यच, या ओळीपाशी मी रागाने पेन्सिल इतकी दाबली की कागद फाटला.

रविवारी म्हातारे बंगाली पाळक त्या पानावर थांबले. "हे कुणाचं?"

मी घाबरत उभी राहिले. त्यांनी माझ्या प्रश्नचिन्हाशेजारी स्वतःचं एक काढलं. "बेटी, मीही इथेच अडकलोय."

आम्ही कलकत्ता सोडलं तेव्हा त्यांनी ते पुस्तक मलाच दिलं; तेच या ट्रंकेत आहे. उत्तर अजून सापडलेलं नाही. पण ती दोन प्रश्नचिन्हं शेजारीशेजारी आहेत, म्हणून मी आजही प्रार्थना करते.