तोडलेल्या कळ्या

पहाटे फिरायला येणारे फुलं ओरबाडून नेतात, म्हणून जास्वंदीच्या कळ्या मी आदल्या संध्याकाळीच तोडून वाटीत ठेवते. सकाळी त्या झाडावर असल्यासारख्या उमलतात. तांबड्या पाकळ्या, मधला लांब दांडा, त्यावर पिवळे पराग, टोकाला पाच लाल ठिपके, सगळं जागच्या जागी. आपण झाडापासून तुटलोय हे त्यांना ठाऊकच नसतं. आज मला त्यांचा रागच आला.

काल डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता काही उपाय नाही, घरी न्या." ह्यांना मी एवढंच सांगितलं, घरी सोडलंय.

आज ह्यांनी दाढी केली. संध्याकाळी चहा घेताना खिडकीतून जास्वंदीकडे बघत म्हणाले, "पावसाळ्यात हिची फांदी मागच्या अंगणात लावू या."

"लावू या," मी म्हणाले.

देवापुढची फुलं मिटायला लागली होती.