बंगईची सळई आणि ताईचं लग्न

मंडळी, आज आर्वीच्या एका गॅरेजात जुन्या मोटारीचा क्लच बसवताना पाहिला आणि मी एकटीच हसत सुटले.

ऐंशीच्या सुमारास आमच्या आंजी गावात बाबांनी आमच्या मोटारीला दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स बसवला. क्लचची दांडी मात्र वीतभर आखूड पडली. बाबांनी आईच्या झोपाळ्याची, म्हणजे बंगईची, सळई कापून जोडली.

"माही बंगई काऊन मोडली?" आई कडाडली.

"उद्या पाव्हण्यायले स्टँडवर सोडाचं आहे ना!"

दुसऱ्या दिवशी हिंगणीचे पाहुणे ताईला पाहायला आले. मुलगा तासभर एक शब्द बोलला नाही.

"मुका आहे का थो?" आत येऊन ताई चिडली.

पाहुणे निघाले, बाबांनी क्लच दाबला आणि तो वर येईचना. इंजिन गरजतंय, गाडी जागची हलत नाही. तेवढ्यात तो मुलगा पांढऱ्या शर्टासकट गाडीखाली शिरला.

खालून आवाज आला, "काकाजी, हे तं बंगईची सळई होय! आमच्या गाडीले मी खाटेची लावली हाये."

ताई दारातच खो-खो हसली. तो ग्रीसनं काळा होऊन बाहेर आला, तशी ती आईला म्हणाली, "मले हाच पाह्यजे."

तुमच्या घरचं लग्न कशावरून जमलं, सांगा बरं?