दोन मिनिटं उशिरा दिसणारी मॅच

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून चहा ठेवायला जाणारा मी माणूस. डेटा ॲनालिस्ट आहे, आकड्यांवर पोट आहे माझं. तरीही हे लिहितोय, कारण समोर बसून कुणाला सांगायची लाज वाटते...

आम्ही शिकागोजवळ शॉमबर्गला राहतो. गेल्या हिवाळ्यात आई सांगलीहून आली होती. तेव्हा मला प्रेडिक्शन मार्केटचा नाद लागला होता – व्हिडिओ गेमच्या मॅचमध्ये कोणती टीम जिंकेल, त्यावर शेअर घ्यायचे. मॅच चालू असतानाच भाव वरखाली होतात. शनिवारी सकाळी युरोपातल्या मॅचेस असायच्या. टीव्हीवर मॅच, माझ्या मांडीवर लॅपटॉप आणि शेजारी सोफ्यावर मेथी निवडत बसलेली आई.

एक सांगायला हवं – टीव्हीवर दिसतं ते दोन मिनिटं उशिराचं असतं. कुणी चीटिंग करू नये म्हणून मुद्दाम.

आईला गेममधलं काही कळायचं नाही. ती कोपऱ्यात दिसणारे खेळाडूंचे चेहरे बघायची. "किती रोडावलेत रे! यांना कुणी जेवायला घालतं की नाही?"

एका शनिवारी तिने एकदम स्वतःचं उजवं मनगट दाबून धरलं. "त्या चष्मेवाल्याचा हात दुखतोय रे."

मी हसलो. दोनेक मिनिटांनी टीव्हीवर चष्मेवाल्याने माउस सोडून हात झटकला. त्याची टीम हरली.

पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. मग मी टीव्हीकडे बघणंच सोडलं... आईचा हात मनगटाकडे गेला, की चष्मेवाल्याच्या विरुद्ध शेअर घ्यायचो. दर वेळी बरोबर!

तिचं मनगट सुजायला लागलं. माझी मुलगी इरा चिडली. "बाबा, आजीला डॉक्टरकडे ने ना! यू आर ट्रेडिंग ऑन हर पेन."

"व्हिजिटर इन्शुरन्सचं बघतो," म्हणालो. बघितलं नाही.

मग सेमीफायनल आली. आईने मनगट धरलं, मी लगेच शेअर घेतले. पण या वेळी ती मेथी बाजूला ठेवून किचनमध्ये गेली. लसूण-ओवा घालून तेल कढवलं, वाटी घेऊन परत आली आणि मनगटाला चोळत टीव्हीतल्या त्या चेहऱ्याकडे बघून पुटपुटली, "थांब बाळा... आता उतरेल."

दोन मिनिटं गेली असतील. टीव्हीवर चष्मेवाला थबकला. मूठ उघडली, मिटली. मग मनगट नाकाशी नेऊन त्याने चक्क वास घेतला! शेजारच्या खेळाडूच्या नाकाशी धरलं. त्याने तोंड वाकडं केलं आणि दोघं हसत सुटले. आमची फॅमिली रूम लसणाच्या वासाने भरली होती.

त्यानंतर तो पोरगा जे खेळला, ते मी कधी पाहिलं नव्हतं. माझे शेअर मातीमोल झाले, आणि मी लहान मुलासारखा टाळ्या वाजवत होतो.

अकाउंट त्याच दिवशी बंद केलं. योगायोग, माउस धरून धरून होणारं नेहमीचं दुखणं, सगळं मांडून पाहिलं. हात झटकण्याचं जुळवता येईल कदाचित. त्या वासाचं काय करू?

आई परत जायच्या आधी तिला विचारलं, "तुला कसं गं कळायचं?"

"त्यात काय कळायचंय?" ती म्हणाली. "शेजारी बसलेल्याचा हात दुखला तर कळत नाही होय?"

सगळा हिवाळा मी तिच्या शेजारीच बसलो होतो.